चिमाकाकीच्या गोठ्यातली पोथी

चिमाकाकी कुजबुजली तरी डोंगराखालच्या कापडे गावात ऐकू जातं. आमच्या डोंगरवाडीत तिच्या आवाजाला आणि तिच्या पोथीला सारखाच मान.

पोथी गोठ्यात, लाल फडक्यात टांगलेली. घडीवर घडी, उलगडली की दारापासून गव्हाणीपर्यंत. तिचा नवरा भिकू मुंबईत एका परदेशी भिक्खूकडे स्वयंपाकाला होता. मायदेशी जाताना भिक्खूनं ती त्याला दिली. वाचता कुणालाच येत नाही. पण एकदा अडलेली म्हैस ही पोथी ओवाळल्यावर सुटली, आणि तेव्हापासून वाडीतली म्हैस व्यायला आली की पोथीला बोलावणं.

अठ्ठ्याण्णव साली महाडची लेणी बघायला एक कोरियन भिक्खू आला. पोथीचं ऐकून वाडी चढला. मराठी शिकला होता पुण्यात!

"बाई, आपण हा ग्रंथ गोठ्यात का बरं ठेवलात?"

"मग काय माळ्यावं ठेवू? तितं उंदीर हायत."

घड्या उघडल्या तशी त्यानं हात जोडले. हे बुद्धाचं सूत्र, म्हणाला, लाकडी फळ्यांवर अक्षर न् अक्षर उलटं कोरून छापलेलं. त्याच्या मठातल्या फळ्या जळाल्या. नव्या कोरायला नमुना हवा. कागद फळीवर पालथा चिकटवून त्यावरूनच कोरतात.

"म्हंजे माजी पोथी तासनार? नाय रे बाबा! माजी चांदी म्हस आज-उद्या व्यायचीय. दोनदा अडलीय ती." पहिल्यांदाच काकीचा आवाज पडला. मग डोळे बारीक करून तिनं विचारलं, "येवढं कोरायची उठाठेव कशापायी?"

"ग्रंथ घरोघरी पोचावा म्हणून. प्रत्येक प्रतीचं पुण्य समान असतं."

"समान?"

"अगदी तंतोतंत."

"मंग पोलादपुरात झेराक्स निगतंय. तेच चिकटव की!"

भिक्खू गोठ्याचा खांब धरून हसत सुटला.

पण चांदी मोकळी होईपर्यंत पोथी हलणार नव्हती. "बसलाच हायस तर वाच," काकीनं फर्मावलं. तो धीरगंभीर सुरात वाचू लागला. "जरा मोट्यानं! चांदी म्हातारी झालीय, ऐकू कमी येतंय तिला."

दुपारी चांदीला पारडी झाली. लगेच काकी पोथी काखेत मारून भिक्खूसकट पोलादपुरात उतरली. दुकानदाराला हात लावू दिला नाही. एकेक घडी स्वतः काचेवर पसरली.

"काकी, किती प्रती?"

"दोन. येक ह्या बाबाला. येक तुळसाला, सारकी पोथी मागाय येती ती." आणि भिक्खूकडे बघत म्हणाली, "समान म्हंतोस न्हवं? बगू तिची म्हस काय म्हंते."