मोरीवरून बोरिवलीला

निघताना यांनी फटफटीवरची चादर ओढून काढली. मी म्हटलं, "नीट घडी करा, लग्नातली आहे माझी!" खरं तर चादरीपेक्षा मला रस्त्याचीच काळजी होती. गेल्या पावसाळ्यात मालाडच्या अलीकडच्या मोरीवर (ओढ्यावरचा लहान पूल) एका लॉरीनं यांना कडेला दाबलं आणि हे फटफटीसकट खाली गेले. मोडलेला पाय जुळला, पण धीर परत येईना. रोज संध्याकाळी अंगणात इंजिन सुरू करायचे, जरा ऐकायचे आणि बंद करून पुन्हा चादर घालायचे. तो आवाज थांबला की मला रडू यायचं.

शेवटी मित्रांनीच बेत ठरवला. अंधेरीहून बोरिवली, पास्कूच्या मावशीकडे जेवायला. पास्कू आमच्या शेजारच्या गावठाणातला ख्रिस्ती, गिरणीत फिटर. चार फटफट्यांची त्याची रांग म्हणजे कवायतच! पुढं तो, त्याला चिकटून आम्ही, लॉऱ्यांच्या बाजूला म्हणजे उजवीकडे बापू आणि शेपटाला नंदू.

"वसंता, तू फक्त माझा मागचा दिवा बघ. आणि वहिनी, तुम्ही गप्प बसा," पास्कूनं आम्हा दोघांना बजावलं.

"ते जमणार नाही," मी म्हटलं.

जोगेश्वरी मागं पडली, गोरेगावचे तबेले आले. बैलगाड्या, वालाच्या वाड्या, धूळ. बापू इतका जवळून चालवत होता, की हात लांबवला तर त्याचा खांदा लागला असता. मागून लॉरीचा भोंगा वाजला, की यांची पाठ ताठ व्हायची आणि बापू आणखी जवळ सरकायचा. मला त्या माणसाचा फार लळा लागला त्या दिवशी.

मोरी जवळ आली, तशी मी रामरक्षा सुरू केली. एवढ्यात पास्कू डावीकडे कच्च्या रस्त्याला वळला. त्याच्यामागं आम्ही, आमच्यामागं सगळे, ते थेट चर्चच्या आवारात! मास (रविवारची प्रार्थना) नुकताच सुटला होता. कोंबड्या पळाल्या, लुगडी नेसलेल्या बायका बाजूला झाल्या. एक म्हातारा ओरडला, "काय रे, वरात हाय का?"

पास्कूनं जीभ चावली. "वाट लागली! रविवार ना, गाडी आपसूक वळली."

हे हसले. किती महिन्यांनी हसले! मग ताडांमधल्या आडरस्त्यानं आम्ही हमरस्त्याला लागलो, तेव्हा मोरी मागंच राहिली होती.

मावशीनं फुगे (मैद्याचे तळलेले गोळे) आणि कोंबडीचं झणझणीत कालवण वाढलं. वाढता वाढता तिनं भाच्याला दटावलं, "पास्कू, मासाला गेलतास का?"

"गेलतो ना, पहाटेच, अंधेरीला," तो बोलून गेला.

पास्कू खाली मान घालून फुगा कुस्करत बसला. आपल्या दोस्ताला मोरी बघायला लागू नये म्हणून हा गडी चारचौघांत वेंधळा ठरला होता. माझे डोळे भरून आले. हे म्हणाले, "मावशी, आणखी एक फुगा वाढा."

परत निघताना मात्र यांनी फटफटी सगळ्यांच्या पुढं नेली.

"पास्कू, आता पुढं मी. मोरीवरूनच जायचं." मग मला हळूच, "तू नंदूच्या मागं बसतेस का?"

"मी इथून हलणार नाही!"

मोरीवर चढलो आणि समोरून लॉरी आली. यांचे खांदे कानाला टेकले. मागून तिन्ही इंजिनं अगदी जवळ आलेली मला ऐकू आली. यांनी वेग कमी केला नाही. लॉरी सूं करून गेली, मोरी संपली.

"अगं, शर्ट भिजला माझा," हे म्हणाले.

"भिजू दे."

घरी फटफटी उभी केली आणि सवयीनं यांचा हात चादरीकडे गेला. मी ती आधीच उचलली होती.

"ही आज पलंगावर घालायचीय," मी म्हटलं.