सगळ्यांचं उत्तर ‘हो’

तिसऱ्या वर्षाला मॅडमनी मला आणि वर्गातल्या एका मुलीला एकच काम दिलं होतं. कॉलेजातल्या मुलांना मोबाइल-कॉम्प्युटर कितपत जमतो आणि शाश्वत विकास म्हणजे काय ते कळतं का, याची पाहणी. जिचं काम सरस, ती विद्यापीठात सादर करणार. मला जायचंच होतं. माझ्याकडे लॅपटॉप होता, शिरगावच्या फ्लॅटमध्ये वायफाय होतं. ती बारवी धरणाकडच्या पाड्यावरून यायची, काच तडकलेला मोबाइल घेऊन. म्हटलं, ही काय करणार!

मी तासाभरात ऑनलाइन फॉर्म बनवून ग्रुपवर टाकला. इंटरनेट वापरता येतं? सगळे हो. पर्यावरण जपता? सगळे हो. रंगीत आलेख काढून मी मिरवत होते. ती मात्र वही घेऊन कॅन्टीनमध्ये एकेकाशेजारी जाऊन बसे. माझ्याशी धड न बोलणारी मुलं तिला सगळं सांगत. स्कॉलरशिपचा फॉर्म कॅम्प दोनच्या बाजारातला सायबर कॅफेवालाच भरतो, पासवर्डही त्यालाच माहीत, इथपर्यंत. माझा नुसता जळफळाट व्हायचा.

मॅडमनी माझे आलेख पाहिले. “अगं, ज्याला फॉर्म भरता येत नाही, तो ‘येत नाही’ हे फॉर्म भरून कळवणार कसा?” वर्ग खो खो हसला. मग त्यांनी तिची वही उघडली. ‘घरी पाणी कुठून येतं?’ या प्रश्नाला बहुतेकांचं उत्तर होतं, टाकीतून. बारवी धरणाचं नाव दोघाचौघांनीच घेतलं होतं. मलाही ते सुचलं नसतं, पण मी माहीत असल्यासारखी मान डोलावली.

विद्यापीठात तीच जाणार, हे ठरलं. वर्ग सुटल्यावर ती माझ्याकडे आली. “मना स्लाइड बनवायला शिकव ना गं. तुझ्यासारखं कोणाला येत नाय.”

“लॅपटॉप बिघडलाय,” मी म्हटलं. लॅपटॉप माझ्या खांद्यावरच्या बॅगेत होता. तिनं बॅगेकडे पाहिलं. “बरं,” म्हणाली.

विद्यापीठात ती वहीच घेऊन गेली. मी मागच्या रांगेत बसले होते. अडलं तर वर्गात कुणाला विचारता, हा तिच्या पाहणीतला शेवटचा प्रश्न होता. बहुतेकांनी सांगितलं होतं, कुणालाच नाही.

“मीपण एकदा विचारलं होतं,” ती माइकवर म्हणाली, आणि पान उलटून पुढे गेली. माझं नाव तिनं घेतलं नाही. एवढा मोठेपणाही तिलाच जमावा, याचा मला राग आला.