आठ सिलिंडर, तीन म्हातारे

रंगाचा एक हात वाळायला तासभर लागतो. त्या तासात तीन म्हाताऱ्यांनी करायचं काय? आमच्याकडे गाडीचं छोटं मॉडेल वर्षाला एक पुरं होतं, किस्से मात्र रोज तयार होतात.

आम्ही बसतो हुबळीत, वसंतअण्णांच्या साडीच्या दुकानावरच्या खोलीत. अण्णांचं घराणं मूळचं सांगलीकडचं. दुसरे बसप्पा मेस्त्री. त्यांनी चाळीस वर्षं गॅरेज चालवलं. तिसरा मी. कॉलेजात तीस वर्षं इंजिन शिकवलं, पाना कधी हातात धरला नाही. यंदा ड्रॅग रेसच्या, म्हणजे सरळ रस्त्यावर सुसाट पळणाऱ्या, गाडीचं आगपेटीएवढं इंजिन मी एकटा करतो, असं बोलून बसलो. दसऱ्याला विद्यानगरात प्रदर्शन. परीक्षक बेंगळुरूचे, आणि बघायला माझेच जुने विद्यार्थी. चुकलं तर तीस वर्षांवर पाणी.

*

सुट्या भागांचा डबा उघडण्याआधी मी तीन महिने अभ्यास केला. फोटो, आकृत्या, दोन वह्या भरून टिपणं.

अण्णा म्हणाले, "सर, इंजिन अजून डब्यात आहे आणि दमलात तुम्ही."

*

या इंजिनाच्या डोक्यावर हवा कोंबणारा पंप असतो आणि तो फिरवायला पुढून रुंद पट्टा. खऱ्या पट्ट्याला दाते असतात, डब्यातला गुळगुळीत होता. मला चार दिवस चैन नाही. शेवटी अण्णा खाली गेले आणि परकराची काळी नाडी घेऊन आले. तिची वीण म्हणजे हुबेहूब दाते.

"पण टिकेल का?"

"तीन पिढ्या विकतोय, सर. आयत्या वेळी तुटली अशी एक तक्रार नाही."

*

इंधनाच्या नळीचा नट चिमट्यातून उडाला. आम्ही तिघं गुडघ्यांवर. तेवढ्यात एक गिऱ्हाईक बाई वर आल्या.

"काय हरवलं, अण्णा?"

"नट."

"केवढा?"

"डोळ्यांना दिसत नाही एवढा."

बाईंनी जरा विचार केला. "मग होता हे तरी कसं कळलं?"

मला अजून खात्री नाही.

*

प्लगच्या आठ वायरी मी केसाएवढ्या तारेच्या केल्या. सिलिंडर ज्या क्रमानं पेटतात, त्याच क्रमानं जोडल्या. मेस्त्रींनी चष्मा चढवला, बोटानं मोजलं.

"सर, ही गाडी चालू व्हायची नाही."

"मेस्त्री, ती प्लॅस्टिकची आहे."

"असू दे की. हा क्रम दुसऱ्या कंपनीच्या इंजिनाचा."

वह्या काढल्या. त्यांचं बरोबर होतं. मी आठही वायरी उपटल्या आणि म्हणालो, "हाच क्रम मी तीस वर्षं शिकवला हो."

मेस्त्री शांतपणे म्हणाले, "तरीच माझं गॅरेज चाळीस वर्षं चाललं."

*

खंडेनवमी. आपल्याकडे त्या दिवशी कात्रीपासून ट्रकपर्यंत सगळ्यांची पूजा. मी सकाळी इंजिनाचा धूर बाहेर सोडणाऱ्या आठ नळकांड्यांना वॉर्निशचा शेवटचा हात दिला आणि घरी जेवायला गेलो. परतलो तर इंजिनापुढे उदबत्ती, आणि ओल्या नळकांड्यांवर मेस्त्रींनी भक्तिभावानं तीन बोटं विभूती ओढलेली. ती वॉर्निशात पक्की बसली होती.

मी ओरडलो, "मेस्त्री, प्रदर्शन उद्या आहे!"

"म्हणूनच लावली की, सर."

खरवडलं, तर खालचा रंग निघायला लागला. तसंच नेलं. दुसऱ्या दिवशी परीक्षकांनी भिंग लावलं आणि बराच वेळ वाकून राहिले. मागे माझे विद्यार्थी. मी डोळे मिटून घेतले.

"अप्रतिम," परीक्षक म्हणाले. "पूर्ण वेगात पळून आलेल्या गाडीच्या नळकांड्यांवर अशीच राख धरते. दहा वर्षं झाली, माझ्या मॉडेलवर ही जमत नाही. कुठली पावडर वापरलीत?"

खरं सांगायला मी तोंड उघडलं. तेवढ्यात मेस्त्रींनी खिशातून विभूतीची पुडी काढली, परीक्षकांना जरा वाकायला सांगितलं आणि त्यांच्या कपाळावर तीन बोटं ओढली.

संध्याकाळी माझ्या इंजिनाला पहिलं बक्षीस जाहीर करायला परीक्षक स्टेजवर आले, तेव्हाही त्यांनी कपाळावरची विभूती पुसलेली नव्हती.