यशवंत बसत नाही

तीन दोस्त एका खोलीत राहिले की भांडी कमी आणि किस्से जास्त साठतात. लढाईच्या दिवसांत आम्ही पुण्याला कॉलेजात होतो. मी आणि इस्माईल कर्जतचे, यशवंत खालापूरचा. साठले ते बहुतेक यशवंतचेच.

त्याचा आजार अजब होता. एखाद्या सकाळी जाग यायची, पण हातपाय हलायचेच नाहीत. डोकं आणि जीभ शाबूत. दुपारपर्यंत सगळं आपोआप परत यायचं.

पहिल्यांदा झालं ते गावी, लग्नात भरपूर जेवून झोपल्यावर. आईने रडत देवऋषी बोलावला. तो सकाळभर निंबाचा पाला फिरवत राहिला. दुपारी यशवंत उठून बसला आणि देवऋषी कोंबडी घेऊन गेला.

यशवंत म्हणाला, "आये, पुढच्या टायमाला दुपारपर्यंत नुसती थांब गं. कोंबडी तरी वाचंल."

*

कर्जतच्या डॉक्टरांकडे तो धडधाकट चालत जायचा, त्यामुळे त्यांना पटायचं नाही. "परीक्षेची भीती आहे, दुसरं काही नाही."

एका सुट्टीत तो माझ्या घरी मुक्कामाला होता तेव्हा आम्ही त्याला तसाच, ओंडक्यासारखा, बैलगाडीत घालून नेला. डॉक्टरांनी गुडघ्यावर हातोडी मारून पाहिली, जाड पुस्तक काढलं आणि त्यांचा चेहराच उजळला. "अशी केस आयुष्यात एखादीच बघायला मिळते." औषध मात्र पुस्तकात नव्हतं. पोटभर भात खाऊन पडून राहू नकोस, एवढंच म्हणाले.

परतताना यशवंत गाडीत पडल्या पडल्या बोलला, "मला बघून इतका खूश झालेला हा पहिलाच माणूस."

*

तेव्हापासून तो बसेनाच. हातात पुस्तक घेऊन खोलीभर येरझाऱ्या. त्याच्याकडे बघून आमचेच पाय दुखायचे. सुट्टीहून पुण्याला परतताना कर्जतला गाडीला घाटासाठी मागून इंजिन जोडेपर्यंत तो फलाटावर फिरायचा, मग डब्यात.

एक आजोबा वैतागले. "अहो, बसा की. चालून लवकर पोचणार आहात का?"

"लवकर नाही. पण पोचल्यावर उतरता येईल."

इस्माईल हसला. मला नाही हसू आलं. त्याच आठवड्यात मी यशवंतला चमच्याने पाणी पाजलं होतं.

*

बी.ए.चा इतिहासाचा पेपर. आमचा दोघांचा विषय वेगळा, त्यामुळे आम्ही मोकळे होतो. सकाळी त्याची हाक आली, "गेलं रं सगळं."

परीक्षेला पुढच्या वर्षी बस म्हटलं तर ऐकेना. खाणावळवाल्याची खुर्ची मागून आणली, धोतराने त्याला तिच्यात बांधला आणि हॉलपर्यंत उचलून नेऊन बाकाच्या पाठीला टेकवून बसवला.

पर्यवेक्षकांनी विचारलं, "लिहिणार कसे?"

"हात येईपर्यंत वाचतो."

त्यांनी प्रश्नपत्रिका त्याला दिसेल अशी दौतीला टेकवून ठेवली.

आम्ही व्हरांड्यात येरझाऱ्या घालू लागलो. खिडकीतून दिसत होतं, सगळ्यांचे टाक चालले होते आणि यशवंतचे हात मांडीवर पडलेले. अर्धा वेळ गेला. मग एक बोट हललं. बऱ्याच वेळाने टाक उचलला गेला.

निकालात तो जेमतेम पास झाला, पण ते पुढे कळलं. घंटा झाली तेव्हा आम्ही खुर्ची घेऊन दारात उभे होतो. यशवंत भिंत धरत धरत, आपल्या पायांनी बाहेर आला.

"पेपर?" इस्माईलने विचारलं.

"पहिले दोन प्रश्न बुडाले." त्याने आमच्या हातातली खुर्ची घेऊन खांद्यावर टाकली. "चला रं बिगी बिगी. तो खाणावळवाला सकाळपासून उभा असंल."