रघुजीचं वायरीचं रीळ

बेंगळुरूत राजाजीनगरच्या आमच्या घराखाली गॅरेज आहे, पण गाडी नाही. आमचे हे गेल्यावर गाडी विकली आणि त्या जागी रघुजी आला. त्याला बारा वर्षं झाली. मिक्सर, ग्राइंडर, पाण्याची मोटर, काहीही न्या, रघुजी कान लावून ऐकतो आणि कुठे दुखतंय ते सांगतो. मूळचा खानापूरकडचा. एकोणिसाव्या वर्षी बेंगळुरूला येऊन कारखान्यात फिटर झाला. कारखाना बंद पडला, खाकी शर्ट तेवढे उरले, तेच अजून घालतो. बायको गेली, मुलगी हुबळीला दिलेली. बोलणं म्हणजे "सरी अक्का," कानडीत "बरं ताई." ओरडा, सरी अक्का. कॉफी द्या, सरी अक्का.

त्याच्यावर लिहिते म्हटल्यावर सून म्हणाली, "चांगलं लिहा हं त्यांच्याबद्दल." त्याचं चांगलं लिहायचं तर आधी माझं वाईट लिहावं लागतं. तिसरीत शाळा सुटली तरी एवढं मला कळतं.

शाळा सुटली ती कांड्या भरण्यासाठी. बेळगावात शहापूरला वडील मागावर साड्या विणायचे. धोट्यात सुताची नळी बसते ती कांडी. ती ढिली भरली की मागावर सूत तुटायचं आणि माझ्या पाठीत धपाटा बसायचा. त्यामुळे माझ्या हातचं गुंडाळणं एकाला एक लागून, घट्ट, मधे बोटभर फट नाही. हे कौतुक मी रघुजीला शंभरदा ऐकवलंय. बिचारा दर वेळी पहिल्यांदा ऐकल्यासारखं ऐकायचा.

आमच्या जिन्याची वाट गॅरेजमधूनच जाते. तिथे त्याची लांब वायर कायम पसरलेली. एकदा माझा पाय अडकला. मग मी रोज तेच धरून बसले. "रघुजी, मला मारूनच तुझी वायर उचलली जाणार का रे?" चार दिवसांनी बघते तर भिंतीवर रीळ. बोअरच्या पाइपाचा वीतभर तुकडा, दोन्ही अंगाला प्लायवूडच्या गोल चकत्या, मधे सायकलच्या चाकाचा हब, आणि फिरवायला जुन्या शिलाई मशीनची मूठ. भिंतीत चार बोल्ट. मूठ फिरवली की वायर सुर्रकन आत. मी तर लहान पोरीसारखी तीनदा फिरवून बघितली.

रघुजीने एकच सांगितलं. "अक्का, मोठं मशीन चालू असताना वायर सगळी बाहेर काढलेली पाहिजे. गुंडाळलेली वायर आतल्या आत तापते."

"सरी," मी म्हटलं. त्याचाच शब्द त्याला परत दिला.

मग आला वरमहालक्ष्मीचा शुक्रवार. साडेचारला बायका हळदी-कुंकवाला येणार होत्या. हे गेले तरी आमच्याकडे कुंकू मीच लावते, सुनेचा तो हट्ट. त्याच दिवशी रघुजीकडे धनलक्ष्मीचा ग्राइंडर आलेला. धनलक्ष्मी पलीकडच्या गल्लीत इडलीचं पीठ विकते, तेव्हा ग्राइंडर हॉटेलात असतो तेवढा थोरला. रघुजीने तो दुरुस्त करून, तिचेच भिजवलेले तांदूळ घालून चालू केला. "अक्का, चालू दे दोन तास. मी दुसऱ्या मशीनचं बेरिंग घेऊन येतो. स्वल्प लक्ष ठेवा, हात लावू नका," म्हणाला आणि गेला.

मी लक्ष ठेवलं. लक्षात आली ती जमिनीवर पसरलेली वायर. रांगोळी काढायची तिथेच तिची वेटोळी. बायका पायांनी तुडवत येणार? ग्राइंडर बंद केला, भिंतीतला प्लग काढला आणि बसले कांडी भरायला. शेजारी शेजारी, घट्ट, थरावर थर. ग्राइंडरपुरती दोन हात वायर बाहेर ठेवली. प्लग लावला, ग्राइंडर पुन्हा चालू केला. जरा मागे सरून बघितलं, इतकं देखणं झालं होतं! वर जाऊन साडी बदलली.

साडेचारला बायका दारात, माझ्या हातात कुंकवाचं ताट, आणि रबर जळल्याचा वास. मग फाडकन आवाज. रिळातून धूर, भिंत काळी, ग्राइंडर थांबलेला. रघुजी फाटकातून आत येत होता, तो धावला आणि मेन बंद केलं.

धनलक्ष्मी त्या बायकांतच होती. "अय्यो रघुअण्णा! भंगारातून काय काय करून भिंतीला लावता! माझा ग्राइंडर गेला असता, उद्याचं पीठ तर गेलंच!"

सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. घर माझं ना. आणि माझ्या तोंडातून आलं, "मी म्हणत होते त्याला, असलं काही करू नको म्हणून."

आज लिहितानाही हात थांबतो. खोटं बोलायला मला श्वासभरही वेळ लागला नाही.

रघुजीने रिळावर बोट फिरवलं. माझ्याकडे बघितलं, माझ्या हातातल्या ताटाकडे बघितलं. "सरी अक्का," म्हणाला, "माझंच चुकलं." मी वर जाऊन बायकांना कुंकू लावलं. त्यांनी मला वाकून नमस्कार केले. तेही घेतले.

रघुजीकडे दुसरं काही नाही, हाताचं नाव तेवढं आहे. ते आठ दिवसांत गेलं. धनलक्ष्मीच्या दुकानावर दिवसभर बायका, आणि तिचं तोंड कोण धरणार. तिने ग्राइंडर उचलून नेला, दोघी दिलेले मिक्सर तसेच परत घेऊन गेल्या. रघुजीने रीळ उतरवलं, भिंतीत चार भोकं राहिली. मी कॉफी नेली तर म्हणाला, "अक्का, महिनाअखेर जागा मोकळी करतो. मुलगी बोलावतेय हुबळीला."

मी कॉफी खाली ठेवली. "रघुजी, ती वायर मी गुंडाळली होती."

"माहीत आहे अक्का."

"कधीपासून?"

"तेव्हाच. मी गुंडाळली की वायर एकावर एक चढते. ही कांडी होती." मग म्हणाला, "घरात बायका होत्या. ताट होतं तुमच्या हातात."

त्याने चार शिव्या दिल्या असत्या तर मी सुखाने झोपले असते.

दुसऱ्या दिवशी मी धनलक्ष्मीच्या दुकानात गेले. गिऱ्हाइकं होती, त्यांच्यासमोरच सांगितलं. ती हसायला लागली. "अज्जी, तुमचं मन किती मोठं! त्या अण्णाला वाचवायला स्वतःवर घेताय." बाकीच्यांनीही माना डोलावल्या. एकीने तर डोळे पुसले. असलं कौतुक अंगावर घेऊन उभं राहणं काय असतं, ते मलाच माहीत. मी तिचा हात धरला आणि तसंच तिला गॅरेजमध्ये ओढत आणलं.

"रघुजी, रीळ लाव भिंतीला."

"कशाला अक्का, जाऊ दे."

"लाव म्हणते ना!"

त्याने रीळ लावलं, नवी वायर जोडली. आधी त्याला गुंडाळायला लावलं. गाठोडं झालं नुसतं. मग ते सोडून मी मूठ धरली. हातांना काम येतं. शेजारी शेजारी, थरावर थर. मग कोपऱ्यातली जळकी वायर उचलून धनलक्ष्मीच्या हातात दिली. वितळून चिकटली होती, तरी ओळी तशाच होत्या, हुबेहूब.

ती एकदा रिळाकडे बघायची, एकदा हातातल्या वायरीकडे. मग म्हणाली, "अय्यो अज्जी. एवढ्या बायकांसमोर बोललात की हो तुम्ही."

"हो. आता तेवढ्याच बायकांना हेही सांग."

तिने सांगितलं. ते काम ती मनापासून करते. संध्याकाळपर्यंत गल्ली माझ्याकडे बघून पदर तोंडाला लावत होती. सोमवारी तिचा ग्राइंडर तपासायला परत रघुजीकडे आला, मागोमाग ते दोन मिक्सर. हुबळीचं नाव रघुजीने पुन्हा काढलं नाही. मी विचारलंही नाही.

रीळ भिंतीवर आहे. मात्र त्याची मूठ आता निघते. काम सुरू केलं की रघुजी ती काढून खाकी शर्टाच्या खिशात टाकतो, माझ्याकडे न बघता. मी आपली कॉफी ठेवते आणि पसरलेल्या वायरीवरून पाय उचलून, जपून, वर जाते.