श्रीनगरच्या खेपेचे टायर

शाहपूरचा लीलाधर वीस वर्षं केळीचा ट्रक चालवत होता, पण श्रीनगरची खेप त्याला पहिल्यांदाच मिळाली. तो नवे टायर घ्यायला गेला, तेव्हा सिंधीपुरा बाजारातल्या टायरवाल्यानं विचारलं, "गाडी चालते कुठं?"

"रोज हायवेवर, माल भरताना शेतातल्या चिखलात, आणि आता बर्फात."

"तिन्हीला चालेल असा एक टायर नाही, भाऊ. चिखलाचा हायवेवर लवकर झिजतो, बर्फात कडक पडतो."

लीलाधर गोंधळून घरी आला. बायको मालूबाईनं विचारलं, "बर्फात किती दिवस राहणार तुम्ही?"

"दोन."

"मग रोजचं पाहा ना."

त्यानं पुढं हायवेचे साधे, मागं चिखलासाठी खोल नक्षीचे टायर घेतले आणि बर्फासाठी चाकांना बांधायच्या लोखंडी साखळ्या. साखळ्या बांधल्यावर ट्रक श्रीनगरच्या वाटेवरचा बर्फाचा घाट चढला. टायर बरोबर निवडले की नशिबानं निभावलं, हे त्याला अजूनही कळलेलं नाही.