पाहुण्यांचं पाणी

पंचफुलाताई खामगावच्या एका प्रयोगशाळेत पंचवीस वर्षं पाणी तपासत होत्या. नळीत पाणी घ्यायचं, औषधं टाकायची, थांबायचं. गुलाबी रंग जितका गडद, तितकं नायट्रेट जास्त. शेजारी ठरलेल्या मापाच्या द्रावणाची नळी ठेवायची आणि रंग ताडून पाहायचे. यात भीड नाही, वशिला नाही, म्हणून हे काम त्यांना आवडायचं. माणसं खोटं बोलतात, नळी नाही, असं त्या नव्या पोरींना ऐकवत.

मागच्या दिवाळीनंतर जानेफळकडच्या एका वस्तीवरून गीताबाई बाटली घेऊन आल्या. सुनेला, योगिनीला, दूध उतरलं नव्हतं. तान्ह्या छकुलीला डब्याचं दूध सुरू करायचं होतं, आणि विहीर गोठ्याला लागून. शेणमुताचं नायट्रेट विहिरीत झिरपतं आणि तान्ह्या बाळाच्या रक्ताला बाधतं, म्हणून डॉक्टरांनी आधी पाणी तपासा म्हटलेलं. नियम असा, की नमुना प्रयोगशाळेच्या माणसानं विहिरीवर जाऊन घ्यायचा. पण तेवढ्यासाठी पन्नास किलोमीटर कोण जातं? ताईंनी बाटली ठेवून घेतली. रंग जेमतेम चढला. 'पिण्यास योग्य' असं लिहून सही केली.

दीड महिन्यानं छकुली गेली. ओठ, नखं निळी, रक्त चॉकलेटी. डॉक्टरांनी पाणी पुन्हा तपासायला लावलं. या खेपेला ताई स्वतः गेल्या, विहिरीत बादली सोडली, ओट्यावरच नळी लावली. दहा मिनिटांत डाळिंबाच्या रसासारखा रंग.

"गीताबाई, त्या दिवशी बाटली कुठून भरली होती?"

"शेजारच्या शेषरावच्या बोरातून."

"काऊन?"

"आमचं पानी मचूळ हाय, बाई. आल्यागेल्याले आमी त्याच्याच बोरचं देतो. तुमच्या हाती मचूळ पानी कसं देऊ? लाज वाटते मानसाले."

"आणि पोरीला?"

"तुमी चांगलं लिहून देलं. मंग घरचंच उकळून पाजलं."

उकळून जंतू मरतात. नायट्रेट मरत नाही, पाणी आटतं तसं वाढतंच. ताई हे बोलल्या नाहीत. खोटं इथे कुणीच बोललं नव्हतं.

गीताबाई नळीकडे बघत राहिल्या. "हा रंग तवाच आला असता त?"

"तर मी 'अयोग्य' लिहिलं असतं."

"मंग मीच मारली तिले."

"नाही. बाटली भरायला इथं येणं माझं काम होतं. मी आले नाही."

गीताबाईंनी ते ऐकलं की नाही कुणास ठाऊक. त्या उठल्या, आत गेल्या आणि सवयीनं तांब्या घेऊन आल्या.

"घ्या. गोडं पानी हाय."

ताईंनी तांब्या तोंडाला लावला आणि रिकामा करूनच खाली ठेवला.